आमच्या ओट्यावरून सुटणाऱ्या बोटी

आमच्या सोसायटीतले बोटिंगचे नियम माझ्याइतके कुणालाच तोंडपाठ नाहीत, कारण त्यातले निम्मे मीच सुचवलेले आहेत. बंगलेवाल्यांना रांग नाही. त्यांच्या पाहुण्यांना पास, पण पाहुण्यांनी रांगेत उभं राहायचं. बाहेरून सहलीला येणाऱ्यांनी तिकीट काढायचं आणि फक्त सुट्टीच्या दिवशी यायचं. लाइफ जॅकेट सगळ्यांना सक्तीचं, अगदी पट्टीच्या पोहणाऱ्यालाही. बोटीत चढायच्या जागी खाणंपिणं नाही, आग नाही, आरडाओरडा नाही. जन्मभर कॉलेजात शिकवल्यामुळे असेल, पण चार माणसं एका जागी जमली की त्यांना ओळीत उभं करावं असं मला फार वाटतं. नवरा म्हणतो, तू देवळात गेलीस तरी देवाआधी रांग बघतेस. त्याचं म्हणणं खोटं नाही.

ही सोसायटी चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला, एका धरणाच्या काठावर आहे. डोंगराच्या दोन सोंडा जिथे जवळ येतात तिथे मातीची भिंत घालून पाणी अडवलंय. जळगाव-धुळ्याची माणसं त्याला आता ‘लेक’ म्हणतात, आसपासच्या गावांत अजून ‘धरण’च म्हणतात. काठच्या उतारावर बंगले उभे राहिले तेव्हा आम्हीही एक घेतला. एरवी आम्ही जळगावात, मेहरूणला असतो. तलाव तिथेही आहे, पण संध्याकाळी फिरायला गेलं की ओळखीची माणसं भेटतात आणि प्रत्येकाला गुडघ्याचं दुखणं पहिल्यापासून सांगावं लागतं. म्हणून शनिवार-रविवार इकडे. नवऱ्याने बंगला घेतला तो गॅलरीतून दिसणाऱ्या डोंगरासाठी. मी होकार दिला तो पाण्यासाठी, कारण त्या पाण्याखाली माझं माहेर आहे.

मी प्राथमिक शाळेत असताना आमचं गाव उठलं. लोकांनी दारं, खिडक्या, पत्रे, लाकडं सगळं बैलगाड्यांत भरून टेकडीपलीकडे नेलं आणि तिथे नवं गाव वसवलं. मातीच्या भिंती पहिल्याच पावसाळ्यात विरघळल्या. राहिले ते दगड. आमचं घर गावाच्या वरच्या टोकाला होतं, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी उतरलं की सगळ्यात आधी आमच्या घराचं जोतं उघडं पडायचं. काळ्या दगडाचं ते जोतं, पुढे ओटा आणि ओट्याला खाली उतरणाऱ्या पायऱ्या. मागच्या अंगाला, स्वयंपाकघर होतं तिथे, फरशीत कोरलेलं उखळ. त्या उखळाच्या डाव्या हाताला आईची चूल असायची.

आई दरवर्षी आखाजीला तिथे जायची. अक्षय तृतीयेला आम्ही खानदेशी माणसं आखाजी म्हणतो, आणि ती आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आमरस-पुरणपोळी होते, आणि सकाळी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याने भरलेली मातीची घागर पुजतात. मग निखाऱ्यावर तूप आणि नैवेद्य सोडायचा, त्याला आगारी टाकणं म्हणतात. गावातले लोक हे आपापल्या नव्या घरात करतात. आईचं तसं नव्हतं. ती नव्या घरातल्या चुलीतले निखारे घमेल्यात घ्यायची, वर राख पसरायची आणि टेकडी उतरून जुन्या जोत्यावर जायची. तिथे आधी उखळातला गाळ हाताने काढायची आणि मग चुलीच्या जागेवर आगारी टाकायची. तिचं म्हणणं, सासू-सासरे इथे जेवले, त्यांना नव्या घराचा पत्ता कुणी सांगितलाय? आबा, म्हणजे माझे वडील, घागर खांद्यावर घेऊन तिच्यामागे मुकाट चालायचे. धूर सरळ वर गेला की आई खूश, आणि मग दिवसभर कुणाला रागवायची नाही.

आम्ही बंगला घेतल्यावर मी तिला बोटीत बसवायचा फार प्रयत्न केला. ती बंगल्यावर यायची, गॅलरीत बसायची, भुईमुगाच्या शेंगा सोलायची, पण बोटीचं नाव काढलं की मान हलवायची.

“आपलाच घरना डोकावर बठीसन फिरू का मी?” एकदा तिने विचारलं. “तू फिर, माय. मी देखस आठून.”

ती गॅलरीतूनच बघणार होती, मी फिरले. बोटीतून तिला हात केला आणि तिनेही शेंगा ठेवून हात केला. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, उलट आई जुन्या वळणाची म्हणून मी पाहुण्यांना हा किस्सा हसत सांगायचे. आता तो आठवला की माझं मलाच तोंड लपवावंसं वाटतं.

मागच्या वर्षी दिवाळीत आई गेली. थोडं आजारपण झालं, फार हाल झाले नाहीत. मी शेवटचे दिवस तिच्याजवळ होते, एवढं एक बरं केलं.

त्याच हिवाळ्यात सोसायटीच्या बैठकीत उन्हाळ्याचा प्रश्न निघाला. दरवर्षी निघतो. पावसाळ्यानंतर पाणी थेट सोसायटीच्या खालच्या कुंपणाला लागतं, तेव्हा आमचा सिमेंटचा धक्का शोभून दिसतो. होळी झाली की पाणी मागे सरकायला लागतं आणि धक्का वाळलेल्या गाळावर लोंबकळत राहतो. त्यापुढे नुसता चिखल, वरून भेगाळलेला आणि आतून लिबलिबीत. त्यात पाय घातला की चप्पल तिथेच राहते. एका बंगल्याकडे आलेल्या सुरतच्या व्याह्यांची अशी फजिती झाली होती की ते पुन्हा आलेच नाहीत. ऐन सुट्टीत, पोरंबाळं आलेली असताना, बोटी नुसत्या बांधून ठेवायच्या म्हणजे काय, असं सगळ्यांचं म्हणणं. धुळ्याचे एक निवृत्त इंजिनिअर आमचे अध्यक्ष आहेत. ते म्हणाले, कडक जमीन कुठे आहे ते कळलं तर काम होईल, पण पाण्याखालचं कुणाला ठाऊक?

मला ठाऊक होतं. सगळ्या खोलीत मलाच ठाऊक होतं, आणि ते सांगायची मला कोण घाई झाली! मी उठून गॅलरीत गेले आणि हात लांब करून दाखवलं. त्या वडाच्या खोडाच्या रेषेत, जरा डावीकडे. तिथे काळ्या दगडाचं जोतं आहे, आमच्या घराचं. उन्हाळ्यात पाणी बरोबर त्याच्या पायऱ्यांना लागतं. पायऱ्या भक्कम आहेत, बोट थेट लावता येईल. अध्यक्ष टाळी वाजवून म्हणाले, “मॅडम, तुम्ही तर आमचा नकाशाच निघालात.” लोक हसले, चहा झाला, आणि मी घरी येताना नवऱ्याला ती टाळी दोनदा सांगितली.

आखाजीची आठवण त्या वेळी मला झाली नाही असं म्हणता येणार नाही. क्षणभर झाली. पण मला वाटलं, ते आईचं वेड होतं आणि आईबरोबर संपलं. आबा आयुष्यात कधी स्वतःहून कुठल्या पूजेला बसलेले मी पाहिले नव्हते. ते तिच्यामागे घागर घेऊन चालायचे, बस. आता पुढे चालणारीच नाही म्हटल्यावर ते कशाला जातील? मी त्यांना विचारलंही नाही. फोनवर रोज बोलायचे, रक्तदाब विचारायचे, गोळी घेतली का विचारायचे, एवढं एक विचारलं नाही.

उन्हाळ्यात काम झालं आणि झकास झालं, मीच जाऊन देखरेख केली. जोत्यावरचा गाळ काढला, पायऱ्या घासल्या, दोन्ही बाजूंना दोर लावून रांगेसाठी वाट केली. शिरपूरकडचा एक तरुण मॅनेजर बोटींसाठी नेमला होता. चुणचुणीत आणि नियमाला पक्का, म्हणजे माझ्या आवडीचा. एका कोपऱ्यात त्याने तिकिटाचं टेबल मांडलं. वर मोठी रंगीत छत्री हवी होती, पण जोत्यावर दांडा रोवायचा कुठे? त्याला फरशीत एक गोल खड्डा सापडला. दांडा त्यात असा फिट्ट बसला की जणू त्यासाठीच केला असावा. मोटरबोटीच्या पेट्रोलचे कॅन उन्हात ठेवायचे नाहीत म्हणून त्याच छत्रीच्या सावलीत, उखळाच्या डाव्या हाताला, ठेवले. मी ते पाहिलं. मला ते दिसलं आणि खटकलंही. पण रोवलेली छत्री कोण काढणार, आणि सावली दुसरीकडे नव्हतीच.

मग आखाजी आली. रीतीप्रमाणे मी माहेरी जायला हवं होतं. भावाचा आदल्या दिवशी फोन आला होता, “ये बरं सकायलेच.” मी म्हटलं, संध्याकाळी येते, आमच्याकडे नाशिकहून पाहुणे आहेत. पाहुणे होते, त्यात खोटं काही नव्हतं. पण ते नसते तरी मी काहीतरी कारण शोधलंच असतं. आई नसलेल्या घरात आखाजीला पाऊल टाकायचं माझ्या जिवावर आलं होतं. भाऊ फक्त “बरं” म्हणाला.

सकाळी नाश्ता करून आम्ही सगळे बोटिंगला निघालो. सुट्टीमुळे जोत्यावर ही गर्दी! बंगलेवाल्यांना रांग नसल्याने, आणि पाहुण्यांचा नियम त्या दिवशी नजरेआड करून, मी पाहुण्यांना घेऊन दोराच्या बाजूने सरळ पुढे गेले, मोटरबोटीत बसले आणि बोट सुटली. पाहुण्यांना मी डोंगर दाखवला, धरणाची भिंत दाखवली, खाली गाव आहे तेही सांगितलं. पाहुण्यांपैकी एक बाई म्हणाल्या, “किती रोमँटिक ना!” मी हसले. खरं तर मला तेव्हा त्यांना पाण्यात ढकलावंसं वाटलं होतं, पण तो किस्सा एवढा रंगवून त्यांना सांगणारी मीच होते.

बोट वळून परत जोत्याकडे निघाली तेव्हा मी सहज रांगेकडे पाहिलं. माणसं ओळखू येत नव्हती, सगळ्यांच्या अंगावर नारिंगी जॅकेटं. त्यातला एक म्हातारा माणूस मात्र वेगळा दिसला, कारण जॅकेटखाली धोतर होतं आणि डोक्यावर पांढरी टोपी. खांद्यावर काहीतरी होतं. मला वाटलं पाण्याचा जार असेल. बोट आणखी जवळ आली आणि ती मातीची घागर आहे हे दिसलं. आबा होते.

ते रांगेत उभे होते. पुढे कॉलेजची पोरं फोटो काढत होती, मागे एक कुटुंब आइस्क्रीम संपवत होतं, आणि मध्ये माझे ऐंशी पार केलेले वडील, लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे नीट लावून, एक हात घागरीला धरून. रांग पुढे सरकली की एक पाऊल टाकत होते. दोराच्या बाहेर, जोत्याच्या कडेला, भाऊ राख पसरलेलं घमेलं हातात घेऊन उभा होता. त्याने मला बोटीत पाहिलं आणि तोंड फिरवलं.

बोट पायरीला लागेपर्यंतचा वेळ मला जन्मभर पुरेल. मोटर बंद करून बोट हळूहळू आणायची, धक्का बसू द्यायचा नाही, हासुद्धा माझाच नियम. मी उठून उभी राहिले तर बोटवाला म्हणाला, “मॅडम, बसा, उभं राहायचं नाही.” मी बसले. पाहुणे विचारत होते, काय झालं? मला सांगता येईना की तो रांगेत उभा असलेला म्हातारा माझा बाप आहे आणि ज्या दगडावर तो उभा आहे तो त्याच्या बापाने रचला आहे. किती लाज वाटली म्हणून सांगू! आणि खरं सांगायचं तर त्या लाजेत एक बारीकसा भाग पाहुण्यांसमोरचाही होता. तो आठवला की स्वतःची फार चीड येते.

मी उतरून धावत त्यांच्याकडे गेले.

“उनी का, माय?” आबा हसून म्हणाले. “फिरी उनी? चांगलं वाटनं का?”

“आबा, तुम्ही रांगेत का उभे? कुणी उभं केलं तुम्हाला?”

“कोन्ही नही. बठ्ठा लोक उभा शेतस.” सगळे लोक उभे, म्हणून तेही उभे. मग आवाज उतरवून म्हणाले, “तुनी सोसायटी शे. उगाच तुले कोन्ही बोलाले नको.”

भाऊ दोरापलीकडून म्हणाला, “मी तव्हयपासून सांगी ऱ्हायनू, आपलाच ओटा शे, चाला पुढे.”

“गप ऱ्हाय,” आबा त्याला म्हणाले. “तिनी इज्जत शे आठे.”

तेवढ्यात रांग सरकून ते टेबलापाशीच आले होते. मॅनेजरने मान वर न करता विचारलं, “काका, बंगलेवाले की बाहेरचे?” मी तोंड उघडणार, तोच आबा घागर सावरत, शाळेतल्या मुलासारखे, उत्तर देऊन मोकळे झाले.

“मी पाहुणा शे, साहेब. मनी आंडेरना बंगला शे वर.”

माझ्या लेकीचा बंगला आहे वर. हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. अंगणात खेळून जिथे त्यांचं बालपण गेलं, जिथून त्यांची वरात निघाली, आम्ही भावंडं जिथे जन्मलो, त्या जागेवर उभं राहून त्यांनी स्वतःला पाहुणा म्हणवलं, आणि तेही माझ्या नावाने. त्यांनी मला एक मुस्काटात ठेवून दिली असती तर बरं झालं असतं.

मग मी ओरडले. फार ओरडले, आरडाओरडा नको हा नियम मोडून. मॅनेजरला म्हटलं, ही छत्री काढा, हे कॅन उचला, इथे यांना पूजा करायची आहे. तो बिचारा गोंधळला. छत्री काढतो म्हणाला, पण निखारे पाहिल्यावर ठाम झाला. “मॅडम, पेट्रोल आहे. इथे आग नाही चालणार. तुम्हीच तर सांगितलंय.” त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. कॅन लांब नेऊन ठेवायला हवे होते, पण पलीकडे सगळा चिखल, आणि कॅन उन्हात ठेवायचे तर अध्यक्षांना विचारावं लागेल. त्याने अध्यक्षांना फोन लावला. ते जेवणाच्या तयारीत होते, फोन उचलेनात. पुन्हा लावला. रांगेतले लोक कुरकुरायला लागले. एका बाईने घागरीचा फोटो काढला. मी तिच्यावरही ओरडले. माझे नाशिकचे पाहुणे पायरीवर अवघडून उभे होते. आबा मला सारखे म्हणत होते, “ऱ्हाऊ दे ना, माय. थांबसूत. आपले काय घाई शे?”

शेवटी अध्यक्षांचा होकार आला. कॅन उचलून दूर नेले, वर ओलं पोतं टाकलं. दांडा उपसल्यावर उखळात पाणी आणि गाळ दिसला. आबा खाली बसले. जॅकेट काढायचं त्यांना सुचलं नाही, आणि ते काढा म्हणून सांगायची माझ्यात हिंमत उरली नव्हती. त्यांनी दोन्ही हातांनी, आई करायची तसंच, गाळ काढून बाजूला ठेवला. उखळाजवळ घागर मांडली, तिच्या गळ्याला धागा बांधला, वर आंबा आणि खरबूज ठेवलं. ज्या माणसाला पूजा येत नाही असं मी धरून चालले होते, तो एकही गोष्ट विसरला नाही. तो इतकी वर्षं मागे उभा राहून सगळं पाहत होता.

भावाने घमेलं पुढे ठेवलं. आबांनी बोटाने राख बाजूला केली. खाली निखारा नव्हता. आणखी खोल उकरलं. सगळी करडी राख. रांगेत, टेबलापाशी, फोनच्या नादात, आईच्या घरून आणलेला विस्तव निवून गेला होता.

“बठ्ठं निवी गयं,” आबा म्हणाले.

मॅनेजर हळू आवाजात म्हणाला, “काका, लायटर आहे माझ्याकडे.” त्याने मनापासून म्हटलं होतं. आबांनी नकारार्थी मान हलवली. आईचा हट्ट होता, विस्तव घरच्या चुलीतलाच. पुन्हा टेकडी चढून निखारे आणायला भाऊ निघाला, तर आबांनी त्याला थांबवलं. समोर उभी असलेली लहान मुलं दाखवून म्हणाले, त्यांचा वेळ कशाला मोडायचा. मग त्यांनी राखेवरच तूप सोडलं, पुरणपोळीचा घास ठेवला. तूप राखेत जिरून गेलं. धूर आला नाही.

मी त्यांच्याजवळ बसले होते. मला रडू आवरेना. आई गेल्यावरची ही तिची पहिली आखाजी, आणि तिच्या चुलीजवळ तिच्यासाठी धुराची एक रेघ उठली नाही. त्याला कारण पेट्रोल नव्हतं, मॅनेजर नव्हता, रांगही नव्हती. त्या दुपारी मी स्वतःला यातलं एक एक कारण सांगून पाहिलं, पण एकही पटलं नाही. ही जागा बोट करून मी दाखवली होती.

आबांनी राखेचा हात धोतराला पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

“कसाले रडस? तिले समजस बठ्ठं.” मग पायऱ्यांवरून बोटीत चढणाऱ्या पोरांकडे पाहत म्हणाले, “जागा चांगली दिधी तू. लोकेसना पाय घसरत नही.”

ते टोमणा मारत नव्हते. टोमणा असता तर मी त्यावर चिडले असते आणि थोडी सुटले असते. त्यांना खरंच बरं वाटलं होतं की आपल्या पायऱ्या कुणाच्या तरी उपयोगाला आल्या. जाताना त्यांनी जॅकेट काढून, नीट घडी घालून मॅनेजरच्या हातात दिलं आणि त्याचे आभार मानले. भाऊ माझ्याशी न बोलता निघून गेला. संध्याकाळी मी माहेरी गेले तेव्हा आमरस वाढला होता, पण घरात कुणी झोका बांधला नव्हता.

त्यानंतरच्या बैठकीत मी मागणी केली की बोटी तिथून हलवा. सगळ्यांनी फार सहानुभूतीने ऐकलं. अध्यक्षांनी विचारलं, “मॅडम, दुसरी कडक जागा आहे का?” मला माहीत असलेली दुसरी कुठलीच जागा पाण्याच्या एवढी जवळ नव्हती. मग तोडगा निघाला. आखाजीला सकाळी त्या कुटुंबाला पूजेसाठी जागा मोकळी करून द्यायची, कॅन आधीच हलवायचे, आणि येणाऱ्यांनी सुरक्षेसाठी पास घेऊन यायचं. ‘त्या कुटुंबाला’ असं अध्यक्ष म्हणाले, आणि मी समोरच बसले होते. मी सही केली. बंगला विकून टाकू असं रागाने नवऱ्याला म्हटलंही, पण विकला नाही. अजूनही शनिवारी जाते. उन्हाळाभर लोक त्या ओट्यावर बूट घालून बसलेले दिसले, काहीजण पायरीवर चिप्स खात होते. चिप्सवाल्यांना मी हटकलं, कारण ते नियमात बसतं. बुटांचं काय सांगणार?

आबांना तोडग्याचं कळलं तेव्हा ते हरखून गेले. नव्या गावात पारावर सगळ्यांना सांगत सुटले की लेकीने सोसायटीकडून आमच्या ओट्याचा नियम करून घेतला. भाऊ त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतो. त्याचं बरोबर आहे, आणि आबांचं कौतुक ऐकण्यापेक्षा मला त्याचा अबोला सोसवतो.

आता हिवाळा आहे. पाणी कुंपणाला लागलंय, ओटा खोल खाली गेलाय आणि बोटी सिमेंटच्या धक्क्यावरून सुटतात. मागच्या आठवड्यात मी आबांना भेटायला गेले होते. ते ओसरीत ऊन खात बसले होते. निघताना त्यांनी मला थांबवलं.

“पुढली आखाजीना पास आत्तेच काढी ठेव, माय. मंग गर्दी व्हई जास.”

“दोन काढते, आबा.”

“एकच काढ. तुना भाऊ नही म्हनस.”

मी बरं म्हटलं आणि बंगल्यावर येऊन पास काढला. पासावर पाहुण्याचं नाव आणि तो कुणाच्या घरी आला आहे ते लिहावं लागतं. आबांच्या नावापुढे मी आमच्या बंगल्याचा नंबर लिहिला.